फाल्गुनीचा तळ

“ही उलटणार नाही,” टिपणीस डॉक्टर म्हणाले. “उलटली तर या, तुमच्या दोघांच्या अक्कलदाढा फुकट काढून देतो.”

“आणि उलटलीच तर?” मी विचारलं.

“अगं सुखदा, ते तेच सांगतायत,” हेरंब म्हणाला. “तळाला शिसं आहे. झुकेल, पण पुन्हा सरळ होईल. आपल्या डिंगीसारखं नाही.”

“झुकेल म्हणजे किती?”

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मांडव्याच्या जेटीवर ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय समोर लांब करून. सारं आयुष्य त्यांनी अलिबागला दातांचा दवाखाना चालवला होता, त्यामुळे घाबरलेलं तोंड त्यांना लांबून ओळखू येत असणार.

“चहाचा कप ठेवला तर सांडेल,” ते म्हणाले. “पोर ठेवलीत तर सांडणार नाही. झालं समाधान?”

माझं समाधान झालं नव्हतं. ते होऊ द्यायचंच नाही असं मी पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं. मागच्या सीटवर रेवा झोपली होती, हेरंब स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होता, आणि मी मनात म्हणत होते, काहीतरी खोट सापडेल. सापडली की नाही म्हणायचं. नुसतं ‘मला भीती वाटते’ म्हणून नाही म्हणता येत नव्हतं. रेवा झाल्यापासून मला सगळ्याचीच भीती वाटायची आणि हेरंबनं ती मोजणं सोडून दिलं होतं. मी द्राक्षं चार फोडी करून देत असे. बाल्कनीला जाळी होती, जाळीला आतून पुन्हा जाळी होती. चार वर्षांची पोर खोकली की मी तिच्या आधी उठून बसत असे.

एकेकाळी मी अशी नव्हते. कॉलेजात असताना खडकवासल्याच्या पाण्यावर आम्ही दोघं डिंगी चालवायचो. डिंगी म्हणजे दोन माणसांची, हातानं उचलून किनाऱ्यावर ठेवता येईल अशी शिडाची होडी. वारा आला की कलंडायची. आम्ही पाण्यात पडायचो, हसायचो, तिला सरळ करायचो आणि काठावरून पोटावर घसरत पुन्हा आत. हेरंबशी माझी पहिली ओळख झाली ती उलट्या डिंगीच्या दोन बाजूंना लोंबकळताना. पुढे लग्न झालं, नोकऱ्या लागल्या, तरी शनिवार-रविवार धरण सुटलं नाही. सुटलं ते रेवा झाल्यावर, आणि तेही फक्त माझं. मी टॉवेल घेऊन काठावर बसू लागले.

आता हेरंबला समुद्रावर जायचं होतं. छोटीशी केबिन असलेली, रात्री नांगर टाकून झोपता येईल अशी बोट हवी होती. “तिघांना जाता येईल,” तो म्हणायचा. “तू काठावर बसायची नाहीस मग.”

डॉक्टरांच्या दोन बोटी समोर बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपांना, बांधून डुलत होत्या. पांढरीशुभ्र, सडसडीत, उंच डोलकाठीची ती फाल्गुनी. पलीकडे एक आखूड, पोट सुटलेली, विटकरी शिडं गुंडाळून बसलेली. गुडघ्यामुळे डॉक्टरांना दोन्ही सांभाळणं होईना.

“जी आवडेल ती न्या. उरेल ती माझी,” ते म्हणाले. “दोन पोरींचं स्थळ एकदम बघताय असं समजा. बाप तोंड उघडणार नाही.”

“त्या दुसरीचं नाव काय?” रेवानं विचारलं.

“टिटवी.”

“असं नाव कोण ठेवतं बोटीला?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“आमच्या हिनं ठेवलं. मी समुद्रावर गेलो की हिला झोप लागायची नाही. टिटवी म्हणे पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर सावरता यावं म्हणून. ही म्हणाली, मग बोटीला माझंच नाव द्या.” डॉक्टर क्षणभर टिटवीकडे बघत राहिले. त्यांची बायको दोन पावसाळ्यांपूर्वी गेली होती. मग ते हेरंबकडे वळले. “जा, आधी फाल्गुनी फिरवून आणा. इंजिन दुरुस्तीला गेलंय. पण तुम्ही शिडाची माणसं, तुम्हाला इंजिन कशाला लागतंय?”

हेरंबनं छाती फुगवली. मी रेवाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे पुन्हा एकदा ओढून पाहिले.

छोट्या रबरी होडीतून वल्हवत आम्ही फाल्गुनीपर्यंत गेलो, ती होडी बोयाला बांधली आणि शिडं चढवून निघालो. डिसेंबरची सकाळ होती. जमिनीवरून येणारा वारा बोटीला हळूहळू थळच्या बाजूला नेत होता. खरं सांगायचं तर ती फार सुरेख चालत होती. डिंगीत आपण वाऱ्याशी झटापट करतो, इथे नुसतं बसायचं. तीन पायऱ्या उतरून केबिन होती, आत दोन बाकं आणि निळ्या उशा. रेवाला मी केबिनच्या दारातल्या वरच्या पायरीवर बसवलं आणि तिच्या जॅकेटच्या मागच्या कडीला दोर बांधून तो आतल्या खांबाला अडकवला.

“कुत्र्यासारखं बांधलंस तिला,” हेरंब म्हणाला.

“भूभू!” रेवा खूश होऊन म्हणाली.

“बघ, तिची काही तक्रार नाही,” मी म्हटलं.

तो हसला. सुकाणूचा दांडा त्याच्या हातात होता, केस उडत होते, आणि इतक्या वर्षांत मी त्याला असं बघितलंच नव्हतं की काय असं मला वाटलं. मनातल्या मनात मी खोट शोधत होते. काठ फार उंच. दोर फार जाड. पायऱ्यांचे कोपरे अणकुचीदार. एकही कारण मोठ्यानं सांगण्याजोगं नव्हतं.

मांडवा मागे बारीक झालं तसा वारा पडला. एकाएकी सगळं गप्प झालं. शिडं ओल्या चादरीसारखी लोंबू लागली, पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं.

“छान,” हेरंब म्हणाला. “आता तळ बघून घेतो.”

“म्हणजे?”

“तळ न बघता बोट घ्यायची? शेवाळ किती आहे, कुठे तडा आहे का, सुकाणू हलतंय का. डॉक्टर सांगतील का आपल्याला? त्यांची मुलगी ती.” बोलता बोलता त्यानं जॅकेट काढून बाकावर टाकलं, टी-शर्ट काढला.

“अरे, हा समुद्र आहे.”

“पाणीच आहे ना? आणि बोट उभीच आहे. खडकवासल्याला किती वेळा केलंय आपण हे. तूच जास्त वेळा केलंयस.”

ते खरं होतं. डिंगीचा तळ बघायचा तर पाण्यात उडी मारायची, खालून हात फिरवायचा, वर यायचं. प्रत्येक मोसमाच्या सुरुवातीला आम्ही तसंच करायचो. त्यानं मोठ्या शिडाचा दोर सैल केला, “बाबा मासा!” असं रेवाला सांगितलं आणि उडी मारली.

रेवानं टाळ्या वाजवल्या. तो बोटीखाली गेला, दुसऱ्या बाजूनं वर आला, नाकातलं पाणी शिंकरत म्हणाला, “स्वच्छ आहे गं! नवरीसारखी.” पुन्हा खाली गेला. मी काठाला ओणवून मोजत होते. तो पाण्याखाली असला की मी नेहमीच मोजते. तो वर आला आणि काठ धरण्यासाठी त्यानं हात उंचावला.

हात पोचला नाही.

पाण्यापासून काठ त्याच्या उंचावलेल्या हाताच्याही वर होता. त्यानं उसळी मारली, बोटं काठाच्या पट्टीला लागली, तो एक क्षण लटकला आणि घसरला. पुन्हा उसळी, पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी तो हसत होता. चौथ्या वेळी नव्हता.

“शिडी बघ गं. मागे असेल.”

मी मागे गेले. तिथे शिडीसाठी दोन स्टीलच्या खाचा होत्या. शिडी नव्हती. मी बाकांची झाकणं उघडली. दोर, बादली, जुना नांगर. केबिनमध्ये डोकावले. कुठेही नव्हती.

“नाहीये.”

“नीट बघ.”

“हेरंब, नाहीये!”

मी पालथी पडून त्याचं मनगट धरलं आणि ओढलं. डिंगीत असताना मी त्याला असं किती वेळा आत घेतलं होतं. तिथे काठ वितभर उंच असतो आणि होडी स्वतःच माणसाकडे झुकते. ही झुकलीच नाही. डॉक्टर म्हणाले होते तशी, शिशाच्या जोरावर, अगदी सरळ उभी राहिली. तो छातीपर्यंत वर आला, माझे खांदे सुटतील असं वाटलं आणि त्याचं ओलं मनगट माझ्या हातातून निसटलं.

“थांब, थांब. दम घेऊ दे,” तो म्हणाला. त्याचे ओठ पांढुरके दिसत होते. “काही नाही. करू काहीतरी.”

तेवढ्यात माझ्या गालाला वारा लागला. आता तो दुसऱ्या बाजूनं, समुद्राकडून येत होता. पाण्यावर काळसर चट्टा उमटला आणि आमच्याकडे सरकत आला. हेरंबनं मोठं शीड सैल सोडलं होतं, पण पुढच्या छोट्या शिडाचा दोर खाचेत अडकवलेला तसाच राहिला होता. डिंगीत पुढचा दोर अडकवून कुणी ठेवत नाही, तो कायम हातात असतो. त्यामुळे तो सोडायचा असतो हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

छोटं शीड फट्कन भरलं. फाल्गुनीचं तोंड वळलं आणि ती चालू लागली.

“सुखदा!”

मी हाताला लागला तो दोर फेकला. त्यानं धरला. दोर ताणला गेला, तो पाण्यातून ओढला जाऊ लागला आणि त्याचं तोंड पाण्याखाली गेलं. वर आलं, पुन्हा गेलं. त्यानं दोर सोडला. मी बाकावरचं त्याचं जॅकेट उचलून भिरकावलं. ते वाऱ्यानं तिरकं गेलं, त्याच्यापासून दूर पडलं. त्याला पोहत ते गाठताना मी पाहिलं आणि त्या वेळात बोट आणखी लांब गेली होती. केवढं तरी लांब.

मग त्याचा आवाज आला. “किनाऱ्याला जा! रेवाला घेऊन जा, माणसं पाठव!”

आजही मला हे वाक्य झोपेत ऐकू येतं. कारण ते शहाणपणाचं होतं. रेवा बोटीत होती, मी समुद्रावर कधी सुकाणू धरलं नव्हतं, आणि किनारा दिसत होता. पण लाटांवर आता पांढरे शेंडे दिसू लागले होते, आणि त्यांच्यामध्ये माझा नवरा केवढा दिसत होता, तर नारळाएवढा. एकदा तोंड फिरवलं की तो नारळ मला पुन्हा सापडणार नव्हता. फोन केबिनमध्ये पिशवीत होता. तो आणायला उतरले असते तरी हेरंब पुन्हा सापडला नसता.

“आई, बाबा लांब जातोय,” रेवा म्हणाली.

मी तिच्याकडे वळले. मला आवाज इतका शांत कसा ठेवता आला, कोण जाणे. 

“रेवा, एक खेळ खेळायचा. बाबाकडे हात कर. असा, सरळ. बाबा जिकडे तिकडे हात. आणि काहीही झालं तरी हात खाली घ्यायचा नाही.”

“बोट वळली तरी?”

“बोट वळली तरी. आई ओरडली तरी. नाक खाजलं तरी.”

तिनं हात केला. पिवळ्या बाहीतला एवढासा हात.

मी सुकाणूचा दांडा धरून जोरात ढकलला, जसा डिंगीत ढकलायची तसा. डिंगी क्षणात वळते. फाल्गुनी सावकाश वळली, वाऱ्यासमोर आली, तिथे थबकली, शिडं कानात फडफडली, आणि जणू मन बदलल्यासारखी परत पूर्वीच्या बाजूला पडली. मी पुन्हा ढकललं. पुन्हा तेच. दर वेळी आम्ही त्याच्यापासून आणखी दूर जात होतो. मी रडत होते की शिव्या देत होते, आठवत नाही. मग आठवलं, छोटं शीड अजून अडकलेलंच आहे. तो दोर सोडवायला मी दांडा सोडला, खाचेवर नखं मोडली, दोर सुटला. या वेळी बोट उलट बाजूनं, वाऱ्याकडे पाठ करून वळवायची ठरवली. त्यात शिडाखालची जड काठी डोक्यावरून झपकन फिरते.

“रेवा, मान खाली!”

काठी फिरली. सगळी बोट हादरली. रेवाची पायरी खोल होती, तिच्या डोक्यावरून काठी निघून गेली. मी वर पाहिलं तेव्हा किनारा भलत्याच बाजूला होता, सूर्य भलत्याच बाजूला, आणि पाण्यावर कुठेही काहीही नव्हतं. नुसतं चमचमतं पाणी.

“बाबा कुठाय? रेवा! बाबा कुठाय?”

“हा काय,” ती म्हणाली.

तिचा हात आमच्या डाव्या बाजूला होता. मी वेगळीकडेच बघत होते. हाताच्या रेषेत पाहिलं, काही दिसलं नाही. तरी दांडा तिकडे वळवला. पाणी, पाणी, आणि मग लाटेच्या शेंड्यावर ते मळकट नारिंगी जॅकेट एकदा वर आलं आणि बुडालं.

मी पुढे बघत नव्हतेच. मी त्या हाताकडे बघत होते. हात उजवीकडे सरकला की दांडा तसा. हात थरथरायला लागला होता, तर तिनं दुसऱ्या हातानं कोपर धरलं होतं. मी तिला शाबास म्हटलं नाही. मला भीती वाटत होती की बोलले तर ती माझ्याकडे बघेल.

पहिल्या खेपेला मी फार जोरात आले. तो इतका जवळून गेला की त्याच्या दाढीवरचं पाणी दिसलं. त्याचे दोन्ही पंजे बोटीच्या अंगावर आपटले, चुर्रर्र करत मागे घसरले. त्या पांढऱ्या, नवरीसारख्या अंगाला धरायला कुठे काही नव्हतं. त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी जिवंत असेपर्यंत ती नजर मला पुन्हा नको आहे.

“आई, गेलास की तू पुढे!” रेवा रागावून म्हणाली. तेव्हा ती मलाही ‘गेलास’, ‘आलास’च म्हणायची.

“हात,” मी म्हटलं.

दुसऱ्या खेपेला मी त्याच्या वाऱ्याकडच्या अंगाला गेले, तोंड वाऱ्यात घातलं, दोन्ही शिडं मोकळी सोडली आणि थांबले. थांबण्याइतकं अवघड मी आयुष्यात काही केलेलं नाही. शिडं डोक्यावर फाटल्यासारखी फडफडत होती आणि बोट एका बाजूला, हळूच, त्याच्याकडे वाहत गेली. मी दोर टाकला. दोराला फास आवळणार नाही अशी मोठी गाठ मारलेली होती. कॉलेजात डोळे मिटून मारायला शिकलो होतो ती गाठ. मी ती कधी मारली, मला आठवत नाही. हातांनीच मारली असणार.

“काखेतून घे! काखेतून!”

त्याची बोटं वळत नव्हती. काखेत धरलेलं जॅकेट सोडून दातांनी आणि कोपरांनी त्यानं ते वेटोळं अंगावर ओढलं. मी दोर खुंट्याला गुंडाळला. आता तो जाणार नव्हता. पण वरही येणार नव्हता.

तेव्हा मी मोठं शीड खाली पाडलं. ज्या दोरानं ते डोलकाठीवर चढतं, त्याचं टोक शिडातून सोडवलं आणि ओणवून त्याच्या काखेतल्या वेटोळ्याला अडकवलं. दुसरं टोक चकरीवर घेतलं. हँडल फिरवलं की चकरी दोर ओढते. डिंगीत चकरी नसते. मी ती त्या सकाळी पहिल्यांदा पाहिली होती आणि मनातल्या खोटींमध्ये तीही धरली होती, रेवाचं बोट अडकेल म्हणून.

मी दोन्ही हातांनी हँडल फिरवलं. तो एक बोटभर वर आला. पुन्हा बोटभर. बोट त्याच्या बाजूला झुकली, थोडीशीच. तो बोटीच्या अंगावर घासत वर येत होता, छाती सोलवटून निघत होती, आणि तो “फिरव, फिरव, फिरव” एवढंच पुटपुटत होता. त्याचं पोट काठावर आलं तेव्हा मी हँडल सोडून त्याच्या चड्डीला धरलं आणि जिवाच्या आकांतानं मागे पडले. तो माझ्या अंगावर आला, थंडगार, जड, मिठाळ पाणी ओकत.

आम्ही तसेच पडून राहिलो. त्याचे दात वाजत होते. मी त्याचा कान धरून बसले होते. कानच का, माहीत नाही. हाताला तोच लागला होता.

मग मला रेवाची आठवण झाली. मी मान वळवली. ती पायरीवर तशीच बसली होती, दोराला बांधलेली, गाल लाल झालेले. पिवळ्या बाहीतला हात सरळ आमच्याकडे रोखलेला होता, कोपराखाली दुसऱ्या हाताचा टेकू देऊन. आता तो हात तिच्या बाबापासून जेमतेम फुटावर होता.

“आई,” ती अगदी हळू म्हणाली, “आता खाली घेऊ?”

हेरंबनं तोंड झाकून घेतलं.

परत येताना सुकाणू मीच धरलं. नुसत्या पुढच्या शिडावर, सावकाश.  रेवा निळ्या उशीवर झोपून गेली.

जेटीवर डॉक्टर उठून उभे होते, काठी टेकत. “काय, ठरलं का? नवरी पसंत आहे?” त्यांनी लांबूनच विचारलं आणि आम्ही जवळ गेल्यावर हेरंबची छाती त्यांना दिसली.

“नको, डॉक्टर,” हेरंब म्हणाला. “बोटच नको. कुठलीच नको.” मग त्यानं सगळं सांगितलं.

डॉक्टर खुर्चीत बसले. “शिडी गॅरेजमध्ये आहे,” ते म्हणाले. “शर्यतीला वजन कमी म्हणून काढली होती. परत लावायची राहिली. कायम बरोबर माणसं असायची, कुणीतरी ओढून घ्यायचं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. पुन्हा काढला.

मी हवी होती ती खोट शोधायला पुण्याहून आले होते. सापडली होती. आता फक्त गाडीत बसायचं होतं. हेरंबनं किल्ली हातात घेतलीसुद्धा.

“टिटवीला शिडी आहे?” मी विचारलं.

“सुखदा, चल,” हेरंब म्हणाला.

“आहे का शिडी?”

“आहे,” डॉक्टर म्हणाले. “हिनं लावून घेतली. बोल्टनं पक्की, काढताच येत नाही. पाण्यात खालपर्यंत जाते. काठही हिनं हट्टानं बुटका बघून घेतला. मी किती हसलो होतो तिला.”

रेवाला डॉक्टरांजवळ बसवून मी एकटीच रबरी होडी वल्हवत टिटवीकडे गेले. हेरंब जेटीवरून हाका मारत होता. मी टिटवीवर चढले, अंगावरच्या सलवार-कमीजनिशी काठावर उभी राहिले आणि खाली पाहिलं. हिरवं, गढूळ पाणी. तळ दिसत नव्हता. मी काठाला धरून ओकले. मग तोंड पुसलं आणि उडी मारली.

पाणी कानात शिरलं. वर आले, चार हात मारले, शिडीची सगळ्यात खालची पायरी पायाला लागली. एक पायरी. दुसरी. ओढणी पायात आली, ती सोडवली. तिसरी. मी वर होते. कुणीही ओढलं नव्हतं. मी पुन्हा उडी मारली आणि पुन्हा चढले. मग एकाच हातानं चढले. तोवर हेरंब पोहत नव्हे, कुणाच्या तरी होडीतून आला होता.

“वेड लागलंय का तुला?”

“आता तू,” मी म्हटलं.

“मी नाही उतरणार.”

“मग मी डॉक्टरांना ‘नको’ म्हणून सांगते. कायमचं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे हात कापत होते. माझेही कापत होते, ते मी त्याला दिसू दिले. शेवटी तो उतरला, शिडीवरूनच, पायरी पायरीनं, लहान मुलासारखा.

“इतकी घाबरतेस, तर मग का गं?” खालच्या पायरीवर गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून त्यानं विचारलं.

“घाबरते म्हणूनच,” मी म्हटलं. “तुम्ही दोघं पुढे-मागे जाणारच. मी टॉवेल घेऊन काठावर नाही बसणार.”

टिटवी आमची झाली. डॉक्टरांनी कागदावर सही करताना फक्त एवढंच विचारलं, “नाव बदलणार नाही ना?”

आज या गोष्टीला बरीच वर्षं झाली. डॉक्टर नाहीत. टिटवीची शिडं तीनदा बदलली, शिडी तीच आहे. बोटीवर नवीन कुणीही आलं की आधी त्यानं पाण्यात उतरायचं आणि परत चढायचं, हा आमच्या घरचा नियम. पाहुणे हसतात. हेरंब हसत नाही.

रेवाला त्यातलं काही आठवत नाही. आम्ही सांगितलं नाही. मागच्या डिसेंबरात ती पहिल्यांदा आमच्याशिवाय टिटवी घेऊन निघाली, दोन मैत्रिणींना घेऊन, मुरुडपर्यंत. मी तीन वेळा जॅकेटं मोजली. चौथ्यांदा मोजायला लागले तेव्हा ती म्हणाली, “आई, पुरे ना आता! उतर खाली.” मी उतरले.

जेटीवर सगळे हात हलवत होते. मैत्रिणींचे आईबाप, हेरंब, सगळे. विटकरी शीड वळलं, वारा धरला आणि बारीक होऊ लागलं. एकेक जण हात खाली घेऊन गाड्यांकडे निघाला. थळच्या बाजूला शीड नखाएवढं झालं, मग टिंबाएवढं.

“सुखदा,” हेरंब म्हणाला. त्यानं माझ्या कोपराखाली आपला तळवा धरला होता. कधीपासून, मला कळलंच नव्हतं. “आता खाली घे.”

“थांब,” मी म्हटलं. “अजून दिसतेय.”